मुलांकडूनच व्हिडिओ-ऑडिओ करून घ्यायचाय? सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी पायरीपायरीने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी माध्यमात शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक अडचण ठाऊक आहे. यूट्यूबवर मराठीत धड्यांचे व्हिडिओ भरपूर सापडतात, पण ते बहुतेक बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेले असतात. आपली पुस्तकं कर्नाटकची. धड्यांचा क्रम वेगळा, उदाहरणं वेगळी. मग जुळेल तेवढं आपण दाखवतो, मुलं बघतात, "छान होतं बाई" म्हणतात आणि आठवड्याने विचारलं तर कोणाला काही सांगता येत नाही.

यावर माझ्या वर्गात टिकलेला उपाय म्हणजे व्हिडिओ मुलांनीच करायचा. मी खानापूर तालुक्यात वरच्या प्राथमिक वर्गांना विज्ञान आणि समाजविज्ञान शिकवते. नव्याने हे करू पाहणाऱ्या शिक्षकांना कुठून सुरुवात करावी, कुठे अडायला होतं, हे एकत्र मिळावं म्हणून हा लेख.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलं कॅमेऱ्यासमोर उभी राहून शिकत नाहीत. ती शिकतात आपलं बोलणं परत ऐकताना, "हे आपल्याला नीट सांगताच आलं नाही" असं जाणवतं तेव्हा, आणि मग मजकूर बदलताना. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तीन फ्रेने यांनी १९२० च्या दशकात खेड्यातल्या वर्गात छोटं छपाई यंत्र आणलं आणि मुलांचं लिखाण मुलांकडूनच छापून घ्यायला सुरुवात केली. छापायचं म्हटल्यावर मूल आपलं वाक्य पुन्हा वाचतं. मोबाईलचा उपयोग आपल्याला तसाच करून घ्यायचा आहे.

१. आधी परवानग्या

हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घरी मोबाईल देऊ नका म्हणता, आणि शाळेतच मोबाईल?" प्रश्न रास्त आहे. बैठकीत स्पष्ट सांगा की मुलांनी फोन आणायचा नाही, शाळेचा किंवा शिक्षकाचा एकच फोन वापरला जाईल, आणि सगळ्या कामातला फोनचा वाटा थोडा, वही-पेन्सिलीचा जास्त. मागच्या एखाद्या वर्गाने केलेली फीत ऐकवता आली तर समजावण्याची फार गरजच उरत नाही.

लागणारे कागद:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. विषय, इयत्ता, कालावधी, एवढं त्यात पुरे.
- एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत विषय मांडल्याची नोंद.
- प्रत्येक मुलाच्या पालकांचं संमतीपत्र. मराठीत करा आणि ऑफिसच्या फाईलसाठी कन्नड प्रतही जोडा. क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून कोणी पाहायला आलं तर ती प्रत उपयोगी पडते.
- शाळेबाहेर जायचं असेल तर त्या जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची संमती, आणि ज्यांची मुलाखत घेणार त्यांचा होकार.

संमतीपत्रात तीन वेगळे चौकोन ठेवा: फक्त वर्गात दाखवायला, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला, आणि सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवायला. बरेच पालक पहिल्या दोन्हींना हो म्हणतात, तिसऱ्याला नाही. ते त्यांच्या हक्काचं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर आहे. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना पत्र वाचून दाखवा, नुसता अंगठा घेऊ नका.

२. सामान

यात अडकून पडायचं कारण नाही. एक बऱ्यापैकी मोबाईल, एक वायरचा कॉलर माईक, एक इअरफोन, फोन उभा करायला स्टँड, आणि गाव लाईट जाणारं असेल तर पॉवर बँक. स्टँड नसेल तर बाकावर पुस्तकांची चवड रचून फोन टेकवला तरी चालतो.

माईक घेताना फसायला होतं. नव्या बऱ्याच फोनना इअरफोनचं गोल भोक नसतं, त्यामुळे गोल पिनचा माईक आणून उपयोग नाही. दुकानात फोन घेऊन जा, तिथेच एक वाक्य रेकॉर्ड करून ऐका, मग पैसे द्या. दोनपैकी एकच वस्तू परवडत असेल तर स्टँड सोडा, माईक घ्या. हललेलं चित्र मुलं सहन करतात, पण ऐकू न येणारा आवाज कोणी सहन करत नाही.

स्वतःचा फोन देणार असाल तर आधी तो विमान मोडवर टाका. मजकूर वाचता वाचता तुमच्या घरचा कॉल येणं किंवा व्हॉट्सॲपचा मेसेज मुलांसमोर उघडणं, दोन्ही टळतं. जमलं तर घरातला पडून असलेला जुना फोन याच कामाला लावा.

३. विषय देऊ नका, प्रश्न द्या

"मलप्रभा नदीवर व्हिडिओ करा" असं सांगितलं की मुलं इंटरनेटवरचा किंवा पुस्तकातला परिच्छेद उतरवून काढतात आणि एका सुरात वाचतात. त्यात शिकणं नाही. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर एका जागी तयार सापडत नाही, आणि थोडं बाहेर पडून, पाहून किंवा विचारून मिळतं.

मलप्रभेचंच घ्या. ती आपल्या कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादईही याच तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम पावते, पण पश्चिमेला गोव्यात उतरून समुद्राला मिळते. आता प्रश्न: "आपल्याच तालुक्यातल्या दोन नद्या एकमेकींकडे पाठ करून का जातात?" मुलं नकाशा उघडतात, उंची बघतात, घाटमाथा म्हणजे काय ते विचारतात. जलविभाजक, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणारा उंचवटा, ही कल्पना शिकवावी लागत नाही, ती त्यांना उत्तरासाठी लागते.

इतिहासातही तसंच. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन, हे आपण सगळेच सांगतो आणि पुढे जातो. मुलांना विचारा, "हजारो माणसं जमली, तर त्यांना पाणी कुठून दिलं?" उत्तर टिळकवाडीच्या काँग्रेस विहिरीपाशी नेतं. विहीर आजही आहे, शेजारी अधिवेशनाचं स्मारक वीरसौध आहे, मुलं जाऊन पाहू शकतात, तिच्या घेराचा अंदाज पावलांनी घेऊ शकतात.

आणखी काही प्रश्न, आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्या. वडगाव, शहापूर, खासबागकडच्या शाळांसाठी: मागावर एका साडीला ताण्याचे किती धागे लागतात आणि ते मोजतात कसे? निपाणीकडे: तंबाखूची पानं सुकवताना दव पडलं तर काय होतं? हलशीला जवळ असाल तर: भूवराह नरसिंहाच्या देवळाचा दगड कुठला असेल? डोंगरपट्ट्यात: भाताचा तरवा आधी दाट पेरून मग रोपं दूर दूर का लावतात?

प्रश्न शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातला असला तर काम पुरं होतं. सहलीवर अवलंबून राहिलात की ते पुढे पुढे ढकललं जातं.

४. पहिली फीत आवाजाचीच

पहिल्यांदाच व्हिडिओकडे जाऊ नका. दोन मिनिटांचा ऑडिओ करा. चित्र नसलं की मुलाला वर्णन करावं लागतं. "हे बघा असं फिरतं" म्हणून भागत नाही, काय फिरतं, कोणत्या बाजूला, कशामुळे, हे शब्दांत सांगावं लागतं. शिवाय चेहरा दिसणार नसल्यामुळे लाजाळू मुलंही बोलतात. फाईल लहान असते, हाही फायदा आहेच. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला रेंज कशी असते हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. तिथे दोन मिनिटांचा आवाज पाठवता येतो, व्हिडिओ अडकतो.

जून ते सप्टेंबर हा काळ ऑडिओला राखून ठेवा. बाहेर पडता येत नसतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारी, उजेड आणि हवा दोन्ही चांगली असते, तेव्हा व्हिडिओला हात घाला. फेब्रुवारीत परीक्षेची घाई सुरू होते.

५. गट आणि कामांची वाटणी

एका गटात चार-पाच मुलं. कामं अशी: विचारणारा, लिहिणारा, बोलणारा, फोन सांभाळणारा आणि ऐकणारा. ऐकणाऱ्याने इअरफोन लावून बसायचं आणि खरखर, अडखळणं, अर्धवट राहिलेलं वाक्य पकडायचं. हे काम बिनमहत्त्वाचं समजू नका. माझ्या वर्गात सगळ्यात बारीक प्रश्न ऐकणाऱ्या मुलांकडूनच येतात.

सांभाळायची गोष्ट: कामं दर फितीला बदला. नाहीतर बोलकी दोन मुलं कायम बोलतात, अक्षर चांगलं म्हणून मुलींच्या गळ्यात कायम लिहिण्याचं काम पडतं, आणि फोन मुलग्यांच्या हातात राहतो. हे आपोआप घडतं, म्हणून यादी भिंतीवर लावा. दोन शिक्षकी शाळेत, जिथे पाचवी-सहावी-सातवी एकत्र बसते, तिथे गटही मिसळूनच करा. सातवीचं मूल पाचवीच्या मुलाला कळेल असं सांगायला लागलं की त्याचंच समजणं पक्कं होतं.

६. मजकूर लिहिणं, ऐकणं, परत लिहिणं

इथे सगळ्यात जास्त तासिका द्या. सहा तासिकांचं काम असेल तर निदान तीन इथेच जाऊ द्यात.

दोन मिनिटांना साधारण दोनशे-सव्वादोनशे शब्द पुरतात, म्हणजे वहीचं एक पान. मुलं आधी तीन पानं लिहितात. कापायला लावा. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवताना मूल विषय समजून घेतं.

मजकूर झाला की लगेच एक कच्चं रेकॉर्डिंग करा, चांगलं होण्याची वाट न बघता. फोन मधल्या बाकावर ठेवून अख्ख्या वर्गाला ऐकवा. मग वर्गाने तीनच प्रश्न विचारायचे:

- कोणतं वाक्य कळलं नाही?
- जे कारण दिलंय ते पटतं का?
- हे तुम्हाला कसं कळलं? पाहिलं, मोजलं, कोणी सांगितलं, की वाचलं?

तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. एक प्रसंग सांगते. सातवीच्या एका गटाने "माठातलं पाणी गार का होतं" हा प्रश्न घेतला होता. खानापूर कुंभारकामाचं आणि कौलांचं गाव, त्यामुळे माती मुलांच्या ओळखीची. पहिल्या मजकुरात वाक्य होतं, "माठ मातीचा असतो, म्हणून पाणी गार राहतं." सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या गटातली एक मुलगी म्हणाली, "आमच्या माठाला बाहेरून ऑइलपेंट मारलाय. त्यात पाणी गार होत नाही. तो पण मातीचाच की."

गट गप्प झाला. मग मुलांनी दोन सारखे लहान माठ मिळवले, एकाला बाहेरून रंग दिला, तो वाळू दिला, दोन्हींत एकाच बादलीतलं पाणी भरून सावलीत ठेवले. हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला. साध्या माठाला हात लावला की बोटं ओली होत होती, रंगवलेला बाहेरून कोरडा. पाण्याच्या तापमानातला फरक थर्मामीटरवर दिसला. मजकूर नव्याने लिहिला गेला: माठाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी झिरपून बाहेर येतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. रंगाने छिद्रं बुजतात.

तेवढ्यावरही थांबलं नाही. ऐकणाऱ्या मुलाने विचारलं, "मग पावसाळ्यात माठ भरला तरी एवढं गार का होत नाही? तेव्हा तर कोणी रंग मारत नाही." हवेत आधीच ओल भरलेली असते, त्यामुळे वाफ सावकाश होते, हे उत्तर शोधायला गटाला अजून एक तासिका लागली आणि ती मी आनंदाने दिली. बाष्पीभवनाचा धडा फळ्यावर मी बऱ्याचदा घेतलाय. तो इतका खोल कधी गेला नव्हता.

भाषेबद्दल एक सांगावंसं वाटतं. मुलं घरी बोलतात तशी मराठी फितीत येऊ द्या. आपल्याकडची बोली, त्यात सहज मिसळलेले कन्नड शब्द, सगळं. पुस्तकी मराठीत वाचायला लावलं की मूल पाठ केलेलं म्हणू लागतं आणि त्याला समजलंय की नाही हे आपल्यालाच कळत नाही. शास्त्रीय संज्ञा तेवढ्या बरोबर असू द्यात.

७. रेकॉर्डिंग आणि शूटिंग

पत्र्याच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंग होत नाही, प्रयत्नही करू नका. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. दुपारच्या आहाराचा तांदूळ ठेवतात त्या खोलीत पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, ती बघा. महामार्गाला लागून शाळा असेल तर सकाळची प्रार्थनेनंतरची पहिली तासिका घ्या. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, कपड्याला घासणार नाही असा लावायचा.

व्हिडिओसाठी फोन आडवा धरा. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे नको, समोर हवी. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो. सलग शूट करू नका, दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे घ्या, चुकलं तर तेवढंच परत. मुलाच्या चेहऱ्यापेक्षा हाताचं, वस्तूचं, प्रयोगाचं चित्र जास्त घ्या. समजतंही चांगलं आणि ओळख उघड होण्याचा प्रश्नही कमी होतो.

सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओचा दर्जा ७२०पी ठेवा. १०८०पीला एका मिनिटाला शंभर एमबीच्या पुढे जागा लागू शकते, आणि वर्गात दाखवायला एवढ्याची गरज नसते.

बाहेर जाताना एक लक्षात ठेवा. बेळगावात कॅम्प भाग, किल्ल्याचा परिसर आणि मराठा लाईट इन्फंट्रीची आवारं लष्कराशी जोडलेली आहेत. किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, बघायला मुलांना न्या, पण फोन बाहेर काढण्याआधी तिथे विचारा, आणि पहारे किंवा फाटकं चित्रात येऊ देऊ नका. कारखान्यात किंवा मागावर शूट करताना चालू यंत्राजवळ मुलांनी जायचं नाही, चित्र लांबून घ्यायचं. ज्यांची मुलाखत घेतली त्यांना फीत आधी ऐकवा, मगच दुसऱ्यांना.

८. जोडणी

फोनवरचं कोणतंही साधं मोफत ॲप घ्या. शाळेत कॉम्प्युटर असेल तर आवाजासाठी ऑडॅसिटी आणि व्हिडिओसाठी ओपनशॉट ही दोन्ही मोफत आहेत. तुकडे क्रमाने लावणं, सुरुवात-शेवट कापणं, आवाज सारखा करणं, इतकंच शिकवा. उडती अक्षरं आणि चमचमणारे इफेक्ट दिसले की मुलं त्यातच रमतात आणि तासिका संपते.

पडद्यावर मराठी अक्षरं टाकताना काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात. "प्रश्न", "ज्ञान", "सूर्य" असे शब्द टाकून आधी तपासा. फुटत असतील तर मुलांकडून फळ्यावर किंवा कार्डशीटवर ठळक लिहून घ्या आणि त्याचाच फोटो लावा. मला तर तेच जास्त आवडतं.

सिनेमातलं गाणं मागे लावू नका. वर्गात कोणी काही म्हणणार नाही, पण यूट्यूबवर टाकलं की गाण्याच्या हक्कांचा दावा लागतो. मुलांनाच टाळ-ढोलकी वाजवू द्या, किंवा मागाचा खटखट, ओढ्याचं पाणी, असा जागेवरचा आवाज वापरा.

फाईलला नाव देण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा: इयत्ता, विषय, गट, कितवी दुरुस्ती. मूळ तुकडे काम संपेपर्यंत पुसायचे नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दबून खराब होतं.

९. त्याच फितीची कन्नड आवृत्ती

ही पायरी मराठी मुलखात कोणी सांगणार नाही, पण आपल्या शाळांना ती फार उपयोगी आहे. आपल्या मुलांना कन्नड शिकायचंच असतं, आणि बऱ्याच जणांना ते फक्त प्रश्नोत्तरांपुरतं येतं. मराठी फीत तयार झाली की कन्नडच्या शिक्षकांना सोबत घ्या आणि त्याच चित्रांवर मुलांकडून कन्नडमध्ये निवेदन करून घ्या. विषय आधीच समजलेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं. शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलांना ते दाखवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. तिथली मुलं खरंच समजून घेऊ पाहतायत असं दिसलं की आपली मुलं उच्चारासाठी स्वतःहून कन्नड शिक्षकांकडे धावतात.

१०. दाखवणं, गुण देणं, जपून ठेवणं

वर्गात दाखवताना मध्येच थांबवून प्रश्न विचारा, शेवटपर्यंत नुसतं चालू ठेवू नका. यूट्यूबवर ठेवायचंच असेल तर शाळेच्या खात्यावरून, "अनलिस्टेड" (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) करून, कमेंट बंद ठेवून, आणि मुलांची पूर्ण नावं, गावं, गणवेशावरचा बिल्ला काहीही न दाखवता.

एफएसाठी, म्हणजे आकारिक मूल्यमापनासाठी, हे काम धरता येतं. गुण चकचकीतपणाला देऊ नका, नाहीतर ज्याच्या घरी चांगला फोन तो पुढे जातो. मी गुण चार गोष्टींना देते: प्रश्न किती नेमका, माहिती कशावरून मिळवली, पहिल्या आणि शेवटच्या मजकुरात काय सुधारलं, आणि दुसऱ्या गटाला किती उपयोगी प्रश्न विचारले. त्यासाठी कच्चे मजकूर वहीतच राहू द्या, खोडलेले असले तरी. तपासायला कोणी आलं तर तीच वही पुढे करा, व्हिडिओ नंतर.

वर्षाच्या शेवटी सगळ्या फिती एका पेनड्राइव्हवर आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे ठेवा. जूनमध्ये नवी सातवी आली की मागच्या सातवीची एखादी फीत ऐकवा आणि विचारा, "यात त्यांचं काय सांगायचं राहून गेलंय?" त्या वर्षीचा पहिला प्रश्न तिथूनच घ्या.